मूळव्याध नव्हे, आवही नव्हे

शौचावाटे रक्त पडू लागले की आपल्या खानदेशात दोनच शब्द तोंडी येतात : मूळव्याध आणि आव. पहिलीला मिरची, भरीत बंद. दुसरीला दुकानातली गोळी. मी शब्दांत वावरणारा माणूस. पण शब्द किती भुलवतो, ते ओळखीच्या एका मास्तरांच्या आजारपणात कळले. सहा महिने ते मलम लावत राहिले. दुर्बिणीने तपासले तेव्हा मोठ्या आतड्याच्या अस्तरावर जखमा निघाल्या. अल्सरेटिव्ह कोलायटिस! यात शरीराची संरक्षणयंत्रणाच आतड्यावर उलटते.

एरवी हा आजार बहुधा औषधांनी आटोक्यात राहतो. भीती असते ती तीव्र उसळीची. तिची खूण ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली सांगितली, ती आजही वापरतात : दिवसातून ६ किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच आणि सोबत ताप, ९० च्या वर नाडी किंवा घसरलेले हिमोग्लोबिन. अशा वेळी त्याच दिवशी दाखल व्हावे. जुलाब थांबवणारी गोळी घेऊच नये. आतडे लुळे पडून फुगते, फुटूही शकते.

दवाखान्यात शिरेतून स्टेरॉइड देतात. सोबत शौचाची तपासणी हवीच. कारण अमिबाची आव असेल तर नुसत्या स्टेरॉइडने घात होतो. रक्त जात असतानाच रक्त पातळ ठेवणारे हेपारिन देतात, तेव्हा नातेवाईक हबकतात. पण या उसळीत शिरांमध्ये गुठळ्या होतात, त्यासाठी ते असते.

खरी कसोटी तिसऱ्या दिवशी. उतार नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन, नाहीतर शस्त्रक्रिया. म्हणून पहिल्याच दिवशी विचारावे, इथे ही सोय आहे का? धुळ्यात आणि २०१८ पासून जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरांनी पुढे जायला सांगितले तर नाशिक, संभाजीनगरची वाट धरायला उशीर करू नये.

मास्तरांच्या घरी गाडे अडले ते पिशवीवर. मोठे आतडे काढले की पोटावर वाट करून पिशवी लावतात. "लोक काय म्हणतील?" यात दोन दिवस गेले, नाडी वाढत गेली. शेवटी मास्तरीणबाईंनीच सही केली. पुढे लहान आतड्याची थैली करून पिशवी काढताही येते. मास्तर नको म्हणाले. शर्टाच्या आत पिशवी लावून ते सायकलीवर शाळेत जातात. पोरांना अजून पत्ता नाही.