लोकरी माकडाच्या गाठीची गोष्ट

कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी यायचे, अजूनही कुठे कुठे येतात. दारात बैल उभा करून वही उघडली की मागच्या कितीतरी पिढ्यांची नावं घडाघडा वाचायची, आणि मध्येच सांगायचं की ज्यांना तुम्ही परके समजता ते नदीपल्याडचे पाटील तुमच्याच चुलत घराण्यातले. जिवांच्या प्रथिनांची अशीच वही अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ या बाईंनी मांडली. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी. आम्लांची नावं लांबलचक, म्हणून संगणकासाठी त्यांनी एकेका आम्लाला एकेक अक्षर दिलं. ट्रिप्टोफॅन त्यांत सगळ्यांत धिप्पाड, त्याला डब्ल्यू हे पसरट अक्षर दिलं! १९६५ साली त्यांचं पहिलं पुस्तक निघालं, त्यात ६५ प्रथिनं.

आणि काय एकेक नाती निघाली म्हणता! आपण घेतलेला श्वास पेशीत कामी लावणारं सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन आहे, १०४ आम्लांचं. ते माणसाचं आणि चिंपांझीचं शेजारी ठेवलं तर एका अक्षराचाही फरक नाही, ऱ्हीसस माकडाशी एकाच अक्षराचा, आणि घोड्याशी बारा.

आता नातं ओळखायचं कसं, तेही ऐका. एक ओळ वर, एक खाली. कुठे अक्षर जुळतं ते मोजायचं, मग खालची ओळ एक घर सरकवून पुन्हा मोजायचं, काळाच्या ओघात एखादं अक्षर गळालं असेल तर तिथे मोकळी जागा सोडायची, पण तिच्यापोटी गुण कापायचे. शंका येईलच की जुळणी योगायोगाची कशावरून? तर एका ओळीतली अक्षरं पिसून, उलटसुलट करून, पुन्हा ताडून बघायची, असं शेकडो वेळा. विस्कटलेल्या ओळींना तेवढे गुण कधीच मिळाले नाहीत, तर नातं खरं. हाताने करायला बसलं तर माणूस वेडा होईल; संगणकाला कंटाळा ठाऊक नाही.

कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला रसेल डूलिटल नावाचे प्राध्यापक होते, त्यांना या ओळी जमवण्याचा भारी नाद. कुठल्या नियतकालिकात नवं प्रथिन छापून आलं की ते संगणकात चढवायचं. घरच्या लहान पोरालाही त्यांनी या कामाला लावलं होतं. त्यांच्या संग्रहात एक ओळ होती लोकरी माकडाच्या गाठीतली. दक्षिण अमेरिकेतलं हे दाट केसांचं माकड. अशा एका माकडाला कर्करोगाची गाठ झाली, गाठीत विषाणू सापडला, आणि त्या विषाणूचं एक जनुक पेशींना बेफाम वाढायला लावत होतं. कसं, ते कुणालाच कळेना.

दुसरीकडे, अगदी वेगळ्या प्रयोगशाळांत, जखम भरण्याचा अभ्यास चालला होता. डेंग्यूत ज्या कमी होतात म्हणून आपण घाबरतो, त्या प्लेटलेट जखमेपाशी गोळा होतात आणि एक प्रथिन सोडतात. ते आजूबाजूच्या पेशींना सांगतं, वाढा, भोक बुजवा. १९८३ साली या प्रथिनाची थोडी अक्षरं छापून आली. डूलिटल यांनी ती संगणकात घातली, संग्रहाशी ताडली, आणि समोर काय यावं? त्या गाठीतल्या विषाणूची ओळ! त्याच सुमारास लंडनला मायकेल वॉटरफील्ड यांच्या मंडळींनाही हेच दिसलं.

म्हणजे विषाणूने कधीकाळी माकडाचंच जनुक उचललं होतं. शरीर जखमेपुरता हुकूम देतं आणि थांबतं. विषाणू तोच हुकूम अहोरात्र देत राहतो, म्हणून गाठ. कर्करोग म्हणजे आपल्याच वाढीची यंत्रणा बिघडलेली, ही समजूत पक्की व्हायला या जुळणीने मोठा हातभार लावला, आणि ती झाली कशी, तर दोन ओळी शेजारी ठेवून. मला तरी याहून सुंदर शोध फारसे ठाऊक नाहीत.

आज अशा ओळी कोट्यवधी आहेत, आणि ताडून बघण्याची सोय इंटरनेटवर कुणालाही फुकट आहे. पोरांनो, तुम्हीही करून बघा. माणसाचं इन्सुलिन घ्या, डुकराचं घ्या, शेजारी ठेवा. ५१ अक्षरांत एकच वेगळं निघेल, आणि म्हणूनच मधुमेहाच्या कितीतरी रोग्यांनी वर्षानुवर्षं डुकराच्या इन्सुलिनची सुई टोचून घेतली.