अतिक्रांतिक जल आणि वनस्पतिद्रव्यापासून तेल

वनस्पतिद्रव्यापासून इंधन मिळविताना पाणी हा अडथळा मानला जातो. पुण्यात मुळा, मुठा व पवना या नद्यांवर माजणारी जलपर्णी हे याचे ठळक उदाहरण होय. तिच्या वजनात शेकडा ९० ते ९५ भाग पाणीच असते. १०० किलो जलपर्णीत ५ किलो शुष्क द्रव्य धरले, तर त्याच्या ज्वलनातून सुमारे १७,५०० किलोकॅलरी उष्णता मिळेल; उलट ९५ किलो पाण्याच्या केवळ बाष्पीभवनास ५१,३०० किलोकॅलरी लागतील. उसाच्या चिपाडाची गोष्ट निराळी. त्यात पाणी निम्मेच असल्याने साखर कारखान्यांच्या बाष्पित्रांत ते तसेच जाळता येते.

पाणी न उडविता त्यालाच विक्रियेचे माध्यम करावे, हा यावरील दुसरा मार्ग होय. ३७४° से. तपमान व सुमारे २१८ वातावरणांचा दाब हा पाण्याचा क्रांतिक बिंदू. त्यापलीकडे द्रव आणि बाष्प हा भेदच उरत नाही. अशा पाण्यास अतिक्रांतिक जल म्हणतात. नेहमीच्या पाण्याचा विद्युत् अपारक स्थिरांक सुमारे ८० असतो. क्रांतिक बिंदूजवळ तो ६ च्या आसपास उतरतो. परिणामी तैल पदार्थ त्यात विरघळतात आणि लवणे मात्र अवक्षेपित होतात. कोळसा व जड खनिज तेले यांवर अतिक्रांतिक जलाचे प्रयोग झाले, ते याच गुणामुळे: विखुरलेले रेणू परस्परांशी जुळून कोक बनण्यास त्यात आळा बसतो.

वनस्पतिद्रव्याचे तेल मात्र मुख्यतः क्रांतिक बिंदूच्या अलीकडे, ३०० ते ३५०° से. या टप्प्यात मिळते. तेथे पाण्याचे आयनीभवन वाढलेले असते. सेल्युलोजचे जलीय विच्छेदन होते, कार्बन डायऑक्साइड व पाणी यांच्या रूपाने ऑक्सिजन निघून जातो आणि उरलेले तुकडे जुळून दाट, काळसर तेल बनते. तपमान याहून बरेच वाढविल्यास तेलाऐवजी वायूचे प्रमाण वाढते.

या पद्धतीत दाबामुळे पाणी उकळत नाही. म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाची उष्णता आत येणाऱ्या प्रवाहास देता येते. तरीही हिशेब सुटत नाही. वरील ९५ किलो पाणी ३५०° पर्यंत तापविण्यास सुमारे ३५,००० किलोकॅलरी लागतात. त्यांतील शेकडा ८० परत मिळविल्या, तरी ७,००० खर्ची पडतात. हीच जलपर्णी पिळून तिच्यासोबत २० किलोच पाणी ठेवले, तर हा खर्च सुमारे १,५०० वर येतो. पद्धतीचे यश अशा रीतीने विक्रियापात्राइतकेच पिळणयंत्रावर व उष्णता-विनिमयकावर अवलंबून आहे.

दोन अडचणी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. जलपर्णीत राखेचे प्रमाण मोठे असून तिची लवणे नळ्यांत साचतात व धातू झिजवितात. शिवाय तेल वेगळे केल्यावर उरणाऱ्या पाण्यात फिनॉले व कार्बनी अम्ले असतात. ते शुद्ध केल्यावाचून नदीत सोडणे म्हणजे एक उपद्रव काढून दुसरा घालणे होय. यास्तव या विषयावरील प्रयोगांत तेलाच्या उताऱ्याबरोबर उष्णतेचा व उरलेल्या पाण्याचा ताळेबंदही मांडला गेला पाहिजे.