साखर निघाली, आता मोसंबीचं काय?

साखर निघाली की आमच्या जालन्यात पहिला प्रश्न मोसंबीचा. बागायतदार असल्याने मलाही तोच पडला. भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ वर्ज्य नाही. एखादं सोलून चोथ्यासकट खावं. रसाच्या पेल्यात तीन-चार फळं जातात, चोथा मागे राहतो आणि साखर झपाट्याने चढते. भाकरीही मोजूनच, ज्वारीने साखर वाढत नाही, हा आपला लाडका गैरसमज! मात्र काही गोळ्यांवर उपास घडून घाम, थरथर सुटली, तर तोच अर्धा पेला रस उपयोगी पडतो. मग लगेच जेवावं.

पायांचं वेगळंच. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली तर तळव्याची जाणीव बोथटते, रुतलेला काटा कळत नाही, जखम चिघळते. म्हणून बागेत अनवाणी जाणं मी सोडलं. रात्री तळपाय आरशात पाहतो. नातवंडं हसतात, हसोत!