छातीवर कॅमेरा, डोक्यावर फक्त हेल्मेट

पावसाने उघडीप दिली की पनवेल-उरण पट्ट्यातल्या गावांत आता एक वेगळाच आवाज ऐकू येतो. गावातली पोरं उंच चाकांच्या, चिखलात चालणाऱ्या मोटारसायकली घेऊन डोंगराच्या पायथ्याला, नाहीतर वरकस माळावर जातात. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसची लीग झाली. मैदानात मातीचे उंचवटे रचून त्यावरून गाड्या उडवल्या गेल्या. ती दृश्यं मोबाईलवर घरोघर पोचली. आता पोरांना नुसती गाडी चालवून भागत नाही, आपली फिल्मही निघाली पाहिजे. मग घरात हट्ट सुरू होतो, ‘बाबा, कॅमेरा पाहिजे.’

नावाजलेल्या कंपन्यांचे नवे ॲक्शन कॅमेरे साधारण पंचवीस ते पन्नास हजारांत येतात. एवढी रक्कम मोडायची तर बापाने आणि पोराने मिळून चार गोष्टी समजून घ्याव्यात.

मोबाईल का नको?

पहिला विचार येतो तो हॅण्डलला मोबाईल बांधण्याचा. तो टाळावा. गाडीच्या इंजिनाची थरथर हॅण्डलमधून थेट मोबाईलमध्ये उतरते. मोबाईलच्या कॅमेऱ्यात चित्र स्थिर राखणारे बारीक हलते भाग असतात, ते त्याने बिघडतात. आयफोन बनवणाऱ्या ॲपल कंपनीनेच सप्टेंबर २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता. ॲक्शन कॅमेरा चित्र स्थिर करतो तो हिशेबाने, आत हलणारी भिंगं ठेवून नव्हे. म्हणून तो धक्के सोसतो.

कॅमेरा कुठे बांधावा?

कॅमेरा कोणता यापेक्षा तो कुठे बांधायचा, हा प्रश्न मोठा आहे. बहुतेकांना तो हेल्मेटवर हवा असतो, कारण डोळ्याला दिसते तेच चित्रात येते. पण हेल्मेट गुळगुळीत असते ते पडल्यावर जमिनीवरून घसरत जावे म्हणून. त्यावर कडक डबी चिकटवली की ती दगडात, मुळात अडकते आणि मानेला पीळ बसतो. केरळच्या मोटार वाहन विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांना दंड आणि परवाना निलंबनाची कारवाई जाहीर केली, ती याच काळजीपोटी.

त्यापेक्षा छातीचा पट्टा बरा. त्यात हॅण्डल, हात, पुढचे चाक आणि चिखल सगळे दिसते, आणि बघणाऱ्याला आपणच गाडीवर आहोत असे वाटते. मात्र पट्टा छातीच्या संरक्षक कवचावरून बांधावा, नुसत्या शर्टावर नाही. पडल्यावर कॅमेरा बरगडीत घुसता कामा नये. चिखलात गाडी उभ्याने, पुढे झुकून चालवतात. म्हणून कॅमेऱ्याचे तोंड थोडे वर ठेवावे, नाहीतर घरी आल्यावर नुसती पेट्रोलची टाकी दिसते.

मित्राला बाजूला उभा करून चित्रण करायचे असेल तर त्याने वळणाच्या आतल्या अंगाला, लांब उभे राहावे. गाडी निसटली की ती बाहेरच्या अंगाला जाते.

आकड्यांचा मोह

दुकानदार ‘फोर-के’, ‘फाइव्ह-के’ असे आकडे सांगतो. चित्र मोबाईलवरच बघायचे असेल तर फुल एचडीसुद्धा पुरते. फोर-के चित्रणाला तासाला साधारण ४५ जीबी जागा लागते. ६४ जीबीचे कार्ड दीड तासाच्या आत भरते. बॅटरी तासभर चालली तरी पुष्कळ, म्हणून जादा बॅटरी घ्यावीच. सेकंदाला ६० चित्रे घेणारा कॅमेरा असला की उडी निम्म्या वेगाने दाखवता येते. आणि एक लक्षात ठेवावे, रुंद भिंगात चढ सपाट दिसतो. चित्रात उडी छोटी दिसली म्हणून दुसऱ्या दिवशी मोठी मारायला जाऊ नये.

आपल्याकडच्या पावसात कॅमेरा पाण्याला टिकणारा हवा. बरेच कॅमेरे १० मीटर खोल पाण्यात चालतात, पण झाकण नीट बंद असेल तरच. झाकणाच्या रबरात वाळूचा कण राहिला की पाणी शिरते. भिंगावरचा चिखल कोरडा पुसू नये, ओरखडे पडतात. आधी पाणी ओतावे, मग मऊ फडके फिरवावे. खाडीकाठी गेल्यास कॅमेरा गोड्या पाण्याने धुवावा.

ड्रोनचे काय?

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. उलवे, पनवेल, कामोठे हा भाग त्यातच येतो. लग्नाच्या फोटोवाल्याचा ड्रोन मागून आणला तरी नियम तोच.

बांध आणि कायदा

शेतकरी बंधूंचा खरा त्रास वेगळा आहे. आवणीच्या दिवसांत चिखलणी केलेले शेत पोरांना मैदानासारखे दिसते. खारबंदिस्तीच्या बांधावरून गाड्या गेल्या की माती ढासळते. उधाणाचे पाणी आत शिरले तर पुढची काही वर्षे भात येत नाही. गाडी फिरवायची तर कापणी झाल्यावर, वरकस जमिनीत आणि सातबाऱ्यावरच्या सगळ्यांना विचारून. कर्नाळ्याच्या अभयारण्यात तर हा खेळ नकोच.

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अल्पवयीन पोराने गुन्हा केला तर कलम १९९ अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजारांचा दंड आणि वर्षभरासाठी गाडीची नोंदणी रद्द. निव्वळ शर्यतीसाठी बनवलेल्या, नोंदणी नसलेल्या गाड्या तर रस्त्यावर आणताच येत नाहीत, त्या टेम्पोतूनच न्याव्या लागतात. आणि हे सगळे आपणच चित्रित करून गावभर पाठवले, तर वेगळा साक्षीदार कशाला हवा?

म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवावा. आधी पूर्ण चेहरा झाकणारे आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट, मग छाती, कोपर आणि गुडघ्यांची कवचे, पायात घोट्याच्या वर येणारे बूट. एवढे झाल्यावर पैसे उरले तर कॅमेरा, आणि तो मधल्या किमतीचा चालेल. ग्रामसेवक आणि सरपंचांनी पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत पोरांना समोर बसवून गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही, हे ठरवून ठराव लिहून घ्यावा. बांध फुटल्यावर पंचनामा करण्यापेक्षा ते सोपे आहे.