आधी दाखला, मग वर्ग?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. भर दुपारी शेजारच्या वहिनी दारात उभ्या. डोळे लाल. "शाळेतून फोन आला. हिला घेऊन जा म्हणाले. डोक्याच्या डॉक्टरचा दाखला आणा, मगच वर्गात बसवू."

लेक आठवीत, तेरा वर्षांची. बाबा गेल्यापासून गप्प गप्पच असायची. त्या दिवशी वर्गात ओरडली, वह्या फेकल्या.

वहिनींची खरी भीती वेगळीच होती. "लोक म्हणतील, मेंटल हॉस्पिटलात नेलं हो पोरीला!" आपल्या रत्नागिरीत इंग्रजांच्या काळापासून मनोरुग्णालय आहे, पण त्याचं नाव आपण चिडवायलाच जास्त घेतो.

मग आम्ही दोघी एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सांगितलेलं मैत्रिणींनो, तुम्हीही लक्षात ठेवा. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, मानसिक त्रासही देता येत नाही. शाळेला काळजी वाटली तर तिने पालकांना जरूर सांगावं. पण डॉक्टरकडे न्यायचं, ते आईवडिलांनी.

दुसरं म्हणजे, ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती करणं नव्हे! 2017चा मानसिक आरोग्य कायदा 2018 पासून लागू आहे. त्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला अगदी नाइलाज असेल तरच दाखल करतात. तेही पालकांच्या अर्जावरून, आणि दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासल्यावर. मुलांना मोठ्या रुग्णांत ठेवत नाहीत, घरचं माणूस सोबत राहतं. मुलीजवळ बाईमाणूस हवंच. शिवाय आजाराची माहिती गुप्त ठेवणं हा रुग्णाचा हक्क आहे.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात मुलांना शाळेतूनच तपासणीसाठी नेऊन 72 तासांपर्यंत ठेवता येतं. आईबापांना उशिरा कळतं म्हणून तिथे किती आरडाओरडा झाला! आपल्याकडे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांत समुपदेशक नेमायला सांगितलं.

वहिनींनी शाळेला अर्ज दिला, "कारण लेखी द्या." लेखी काही मिळालं नाही, पण चौथ्या दिवशी पोर वर्गात बसली. डॉक्टरांनाही दाखवलं. शाळेसाठी नव्हे, तिच्यासाठी. बापाचं दुःख आत साचलंय, बोलू द्या तिला, म्हणाले.

घरात असं कुणी गप्प झालं असेल, तर 14416 हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

परवा स्टँडवर एकीने विचारलं, "कुठे निघालात मायलेकी?" वहिनी सरळ म्हणाल्या, "मनाच्या डॉक्टरकडे." पोरीने आईचा हात घट्ट धरला होता.