किशोरवयीन मातांचे शालेय शिक्षण : खंड आणि परतीचा मार्ग

प्रास्ताविक

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांतच दगावले. पुढे १८८६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळवली. आजच्या परिभाषेत त्या ‘किशोरवयीन माता’ होत्या. बायकोने शिकलेच पाहिजे असा हट्ट धरणारा नवरा त्यांच्या पाठीशी होता. आजही ज्या मुलींवर अल्पवयात मातृत्व येते, त्यांच्यापैकी बहुतेकींच्या पाठीशी असे कोणी नसते. मग ते काम शाळेने, अंगणवाडीने आणि समाजकार्यकर्त्याने मिळून करावे लागते. ते कसे करावे, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

उदाहरणासाठी जयपूरची चारदीवारी, म्हणजे १७२७ मध्ये वसवलेले तटबंदीच्या आतील जुने शहर घेऊ. खेड्यात मुलीची शाळा सुटण्याचे कारण म्हणून ‘शाळा लांब आहे’ असे सांगितले जाते. चारदीवारीतील दाट वस्तीत ते कारण फारसे लागू पडत नाही, म्हणून इतर कारणे तिथे स्पष्ट दिसतात.

या पाठातून तुम्हाला पुढील गोष्टी समजतील :
• शाळा नेमकी कोणत्या टप्प्यावर सुटते
• कायदा मुलीला काय देतो आणि तुमच्यावर कोणते बंधन घालतो
• परतीचे कोणते मार्ग आहेत आणि त्यांची आखणी कशी करावी

१. प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ (२०१९–२१) मधील दोन निर्देशांक पाहा.

अ) २० ते २४ वयोगटातील, १८ वर्षांपूर्वी लग्न झालेल्या स्त्रिया : राजस्थान २५.४ टक्के, महाराष्ट्र २१.९ टक्के, भारत २३.३ टक्के.

आ) १५ ते १९ वयोगटातील, सर्वेक्षणाच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुली : राजस्थान ३.७ टक्के, महाराष्ट्र ७.६ टक्के, भारत ६.८ टक्के.

बालविवाहाचे प्रमाण राजस्थानात जास्त आहे, पण किशोरवयीन मातृत्वाचे प्रमाण महाराष्ट्रात दुपटीहून अधिक आहे. तेव्हा हा प्रश्न फक्त राजस्थानचा आहे असे समजू नका. राजस्थानात लग्न आणि सासरी पाठवणी यांत अंतर ठेवणारी ‘गौना’ ही रीत आहे. त्यामुळे लग्न झालेली मुलगी काही काळ माहेरी राहून शाळेत जाऊ शकते. अशा मुलीच्या बाबतीत लग्नाच्या तारखेइतकीच गौन्याची तारीखही शिक्षकाला माहीत असायला हवी.

२. शाळा का सुटते?

समजा, चारदीवारीतील एका हवेलीत तीन-चार बिऱ्हाडे राहतात. त्यांतल्या एका खोलीत सतरा वर्षांची सून आहे. दहावीनंतर तिचे शिक्षण थांबले आणि आता तिला चार महिन्यांचे बाळ आहे. घरातील बायका लाखेच्या बांगड्या किंवा गोटा-किनारीचे काम घरीच करतात, आणि तीही त्यांना हातभार लावते. शाळा दोन गल्ल्या पलीकडे आहे, तरीही ती जात नाही. तिच्या बाजूने विचार केला, तर चार अडचणी दिसतात :

• वेळ : बाळाला दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजावे लागते आणि शाळा सलग पाच-सहा तासांची असते.
• कमाई : ती शाळेत गेली, तर घरकाम आणि बांगड्यांचे काम कोण करणार, असे सासू विचारते.
• लाज : वर्गातल्या मुली काय म्हणतील, याची तिला भीती वाटते.
• कागद : शाळा सोडल्याचा दाखला माहेरी राहिलेला असतो. आधार कार्डावर वडिलांचे नाव आणि जुना पत्ता असतो.

या प्रत्येक अडचणीला उपाय आहे. परंतु ‘बाळ जरा मोठे झाले की बघू’ असे ठरले, की ते ‘जरा’ कधीच संपत नाही. म्हणून या पाठाचा मुख्य मुद्दा लक्षात ठेवा : परतीची तारीख बाळंतपणापूर्वीच ठरवावी.

३. कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ : प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला किंवा मुलीला शाळेतून काढता येत नाही (कलम १६). शाळा सुटलेल्या मुलीला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. चौदा वर्षे उलटली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत पूर्ण करता येते (कलम ४). आठवीनंतर या कायद्याचे संरक्षण नसते, म्हणून तिथे मुख्याध्यापकांची भूमिका निर्णायक ठरते.

बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ : अल्पवयात लग्न झालेली मुलगी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वीस वर्षांची होईपर्यंत, विवाह रद्द करण्याचा अर्ज करू शकते. विवाह रद्द झाला तरी तिचे मूल वैधच मानले जाते.

पॉक्सो कायदा, २०१२ : अठरा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे. लग्न झाले असले तरी तो गुन्हाच ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. अशी माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे (कलम १९).

इथे तुमची खरी कसोटी लागते. ‘केस होईल’ या भीतीने घरचे लोक मुलीला दवाखान्यापासून आणि शाळेपासूनही लपवून ठेवतात. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे खोटे आश्वासन देऊ नका. कायदा काय आहे ते मुलीला आधीच सांगा आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तिच्यासोबत राहा. बाल कल्याण समिती आणि १०९८ या हेल्पलाइनची मदत घ्या. शाळेत मात्र तिची माहिती आवश्यक तेवढ्याच व्यक्तींना असावी. शिक्षकांच्या खोलीत तिची चर्चा होता कामा नये.

४. परतीचे तीन मार्ग

अ) तीच शाळा : घर जवळ असेल आणि बाळाला सांभाळणारे कोणी असेल, तर हा मार्ग सर्वांत चांगला. मैत्रिणी आणि रोजचा अभ्यास, दोन्ही टिकतात.

आ) मुक्त विद्यालय : राजस्थान स्टेट ओपन स्कूलचे मुख्यालय जयपूरमध्येच आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्यायही खुला आहे. राष्ट्रीय संस्थेत दहावीसाठी किमान वय १४ वर्षे आहे. नोंदणी पाच वर्षे टिकते, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. तान्हे बाळ असलेल्या मुलीला एका खेपेस दोनच विषय देता येणे, ही मोठी सोय आहे.

इ) बाहेरून परीक्षा : राजस्थान मंडळात अशा परीक्षार्थीला ‘स्वयंपाठी’ म्हणतात. महाराष्ट्रात त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरतात. यात अभ्यासाला आधार कमी मिळतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी शिकवणारे कोणी शोधून द्यावे.

५. आखणी कशी करावी?

१) गरोदरपणात : दाखला, गुणपत्रिका आणि आधार कार्ड यांच्या प्रती एका पिशवीत घालून मुलीच्याच हाती द्या. आशा कार्यकर्तीकडे तिची नोंद झाली आहे का ते पाहा. या वयात आकडीचा विकार, जंतुसंसर्ग आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका जास्त असतो. म्हणून तपासणीच्या दिवशी शाळा बुडाली तरी चालेल.

२) बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे : विश्रांती. अभ्यासाचा आग्रह नको. मात्र वर्गशिक्षिकेने एकदा घरी जाऊन भेटावे.

३) सहा आठवडे ते सहा महिने : बाळ पूर्णपणे आईच्या दुधावर असते. घरीच रोज तासभर अभ्यास, एक-दोन विषय. परीक्षेचा अर्ज याच काळात भरावा.

४) सहा महिन्यांनंतर : बाळाचे वरचे खाणे सुरू होते. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी ‘पालना’ योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघरे आहेत. जवळ असे केंद्र आहे का ते पाहा. नसेल, तर सासू किंवा जाऊ यांच्याशी बोलून ठरावीक तास बांधून घ्या.

सासूशी बोलताना भाषण नको. ‘तिचे दोन पेपर राहिलेत, तेवढे होऊ द्या. परीक्षेच्या दिवशी तीन तास बाळ तुमच्याकडे राहील का?’ असे विचारा. मागणी नेमकी आणि छोटी असेल, तर होकार मिळण्याची शक्यता वाढते.

६. इतर देशांत

अमेरिकेत १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे सरकारी मदत घेणाऱ्या शाळेला गरोदर विद्यार्थिनीशी भेदभाव करता येत नाही. सिएरा लिओनने गरोदर मुलींवरील शाळाबंदी २०२० मध्ये उठवली, तर टांझानियाने २०२१ मध्ये. आपल्याकडे अशी उघड बंदी नाही. पण बंदी नसणे आणि परत बोलावणे यांत फरक आहे, आणि परत बोलावण्याचे काम कोणीतरी माणसानेच करायचे असते.

सारांश

किशोरवयीन मातेचे शिक्षण बाळंतपणामुळे थांबते, पण ते कायमचे सुटते ते त्यानंतर तिला कोणी विचारले नाही म्हणून. कागद जपणे, परतीची तारीख ठरवणे, योग्य मार्ग निवडणे आणि बाळाचे तास बांधून घेणे, ही चार कामे वेळेवर झाली तर खंड भरून निघू शकतो.

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातील मुक्त विद्यालयाचे जवळचे केंद्र शोधा आणि तेथील प्रवेशाच्या तारखा नोंदवा.
२. पॉक्सो कायद्यातील कळवण्याचे बंधन आणि मुलीचा विश्वास यांचा मेळ तुम्ही कसा घालाल? दहा ओळी लिहा.
३. वर दिलेल्या सतरा वर्षांच्या सुनेसाठी एका वर्षाची आखणी तयार करा.