शब्दांचे खेळ आणि बाजाराचा कौल

दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडून हातांतील कळांनीं खेळावयाच्या यंत्रास कन्सोल म्हणतात, हें ज्यांच्या घरीं नातवंडें आहेत त्यांना सांगावयास नको. या यंत्रावर शर्यती आणि लढाया तर असतातच. पण शब्द जुळविण्याचे व ओळखण्याचे, ज्यांस शैक्षणिक म्हणतात असे खेळही आजवर पुष्कळ निघाले. त्यांतील कांहीं धूळ खात पडले, तर कांहींची विक्री कोटींच्या घरांत गेली. असें कां व्हावें, आणि मराठी घरांनीं त्यापासून काय बोध घ्यावा, याचा आज विचार करूं.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. खेळण्याचें गिऱ्हाईक दुहेरी असतें. पैसे मोजतात आईबाप आणि खेळतें मूल. आईबापांना ‘शिक्षण’ हा शब्द गोड लागतो. मुलाला मात्र त्याचा नुसता वास आला कीं तें दुसऱ्या खेळाकडे वळतें. शैक्षणिक खेळ विकणाऱ्याची सारी कसरत या दोघांच्या मध्यें चालते.

अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९७८ सालीं अक्षरें ओळखून शब्द पुरा करण्याचा एक खेळ काढला. त्याचें नांव ‘हँगमन’, म्हणजे फांशी देणारा. सीअर्स या मोठ्या व्यापारी पेढीनें तोच खेळ आपल्या शिक्क्यानें विकतांना त्याला ‘स्पेलिंग’ असें सोज्ज्वळ नांव दिलें. खेळ एकच, पण एक नांव मुलाला खुणावणारें आणि दुसरें आईबापांची समजूत घालणारें.

जपानांत निन्टेन्डो कंपनीचें फॅमिकॉम हें यंत्र १५ जुलै १९८३ रोजीं बाजारांत आलें. त्याबरोबर आलेल्या पहिल्या तीन खेळांत पॉपाय नामक खलाशाचा एक खेळ होता. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कंपनीनें याच पॉपायला मुलांचा इंग्रजीचा शिक्षक केलें. पडद्यावरील अक्षरें गोळा करून इंग्रजी शब्द पुरा करावयाचा, असा तो खेळ. पुढच्याच महिन्यांत डाँकी काँग ज्युनिअर या माकडाकडून अंकगणित शिकविण्याचा खेळ निघाला. हा दुसरा खेळ अमेरिकेंत ‘शिक्षणमाला’ म्हणून विकावयास ठेवण्यांत आला; परंतु त्या माळेंत दुसरा मणी ओवला गेलाच नाहीं. नायक ओळखीचा असला, तरी बेरीज-वजाबाकीला त्याचा नुसता अंगरखा चढविला म्हणून तिचा खेळ होत नाहीं.

चीनमधील सुबोर कंपनीची युक्ति याच्या उलट होती. १९९० नंतरच्या दशकांत तिनें जपानी यंत्राच्या नकलेला टंकलेखनाच्या कळा जोडल्या आणि त्याला ‘अभ्यासयंत्र’ म्हटलें. जाहिरातींत जॅकी चॅन हा नामांकित नट होता. पालकांनीं तें अभ्यासासाठीं घेतलें. मुलांनीं त्यावर मनसोक्त लढाया केल्या. बाजाराच्या दृष्टीनें दोघेही संतुष्ट झाले, पण शिक्षण दाराबाहेरच राहिलें! अशीं नकली यंत्रें आपल्याकडेही विकलीं जात. अवघ्या १२ डॉलरांच्या अशा यंत्रावर टंकलेखनाचे व प्रश्नोत्तरांचे चांगले खेळ आणावेत, या हेतूनें डेरेक लोमास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘प्लेपॉवर’ हा उपक्रम हातीं घेतला. स्वस्ताईनें यंत्र गरिबाच्या घरांत शिरतें हें खरें. पण तेथें मुलाला धरून ठेवण्याचें काम खेळाच्या गोडीलाच करावें लागतें.

मग कोटींची विक्री कोणाची झाली? जपानी प्राध्यापक रयुता कावाशिमा यांच्या नांवाचा, मेंदूला व्यायाम देण्याचा खेळ निन्टेन्डोनें २००५ सालीं हातांत मावणाऱ्या यंत्रासाठीं काढला. दोन मिनिटांत तीस शब्द पाठ करणें, उतारा मोठ्यानें वाचणें, झटपट हिशेब करणें असे त्यांतील धडे होते. जगभर त्याच्या १ कोटी ९० लाख प्रती खपल्या. त्यानें बुद्धि खरोखर वाढते काय, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. विक्रीचें मर्म मात्र उघड आहे. तो प्रौढांसाठीं होता, दिवसाकाठीं थोडीच मिनिटें मागत होता, आणि कालच्यापेक्षां आज किती प्रगति झाली हें दाखवीत होता. पैसे मोजणारा स्वतःच खेळूं लागला. दुहेरी गिऱ्हाईक एक झालें.

आतां आपल्या मराठीकडे वळूं. इंग्रजीचीं अक्षरें सव्वीस. ‘स्क्रॅबल’च्या जनकानें, अल्फ्रेड बट्स यानें, वर्तमानपत्रांतील अक्षरें मोजून कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या हव्या तें ठरविलें, आणि शंभर सोंगट्यांत खेळ बसला. आपल्या छत्तीस व्यंजनांची बाराखडी मांडली कीं ४३२ अक्षरें होतात; जोडाक्षरें वेगळींच. ‘स्त्री’ हा शब्द आपल्या कानाला एक अक्षर आहे, पण संगणक तो सहा चिन्हांनीं साठवितो. म्हणून इंग्रजी खेळावर मराठी लिपि नुसती डकवून चालत नाहीं. मराठी शब्दखेळ अक्षर हें एकक धरून मुळापासून रचावा लागतो. त्याला खर्च येतो, आणि मागणी दिसल्याविना कारखानदार खर्च करीत नाहीं.

मीं आयुष्यभर वर्गांत शिकविलें तें या कोरपन्याच्या मुलखांत, तेलंगणाच्या सीमेवर. येथें मूल घरीं गोंडी वा तेलुगू बोलतें आणि मराठीशीं त्याची खरी गांठ शाळेंत पडते. वाचनाच्या तासाला मान खालीं घालणारीं मुलें भेंड्या लागल्या कीं शब्द शोधण्यासाठीं धडपडतात, हें मीं वर्षानुवर्षें पाहिलें. तेथें शिक्षणाचें नांव कोणी काढीत नाहीं. शब्द हाच डाव असतो आणि शब्द सांपडला नाहीं तर डाव जातो. हेंच तत्त्व कन्सोललाही लागू आहे.

म्हणून नागपूर-पुण्याकडील सुशिक्षित गृहस्थांस माझें सांगणें एवढेंच कीं, खेळ घेतांना वेष्टनावरील ‘शैक्षणिक’ हा शब्द वाचून थांबूं नका. आपणांस स्वतःला तो दहा मिनिटें खेळावासा वाटतो काय, हें पाहा. आणि तो मराठींत मिळतो काय, हें दुकानदाराला प्रत्येक वेळीं विचारा. तुमच्या दिवाणखान्यांतून ही मागणी उठली, तरच असा खेळ निघेल आणि उद्यां कोरपन्याच्या मुलापर्यंत पोंचेल. त्याच्याजवळ खेळण्याची हौस भरपूर आहे. खरेदीची ताकद मात्र तुमच्या हातीं आहे.